नगरच्या गांजाचं बी कुठे गेलं?

नेदरलंड्सला राहायला आलेल्या मराठी माणसाला भारतातून फोनवर एक प्रश्न हमखास येतो. माझ्या चुलतभावाने तो पहिल्याच आठवड्यात विचारला होता: "काय गं, तिकडे म्हणे गांजा दुकानात मिळतो?"

मिळतो. पण मी राहते ते वाखनिंगन म्हणजे आम्स्टरडॅम नव्हे. ऱ्हाइन नदीच्या काठचं हे छोटंसं गाव. १८७६ साली इथे सरकारी शेतीशाळा निघाली, तिचंच पुढे विद्यापीठ झालं. आता गावात सायकली आणि जगभरातून आलेले शेतीचे विद्यार्थी यांचीच गर्दी असते. मी इथे बटाट्यावर संशोधन करते. गांजाशी माझा संबंध यायचं खरं तर काही कारण नव्हतं.

तो आला जेवणाच्या सुट्टीत. आमच्या टेबलावर एकदा आपापल्या गावच्या वाणांच्या गप्पा रंगल्या होत्या. पेरूची एक मैत्रीण तिच्या आजीच्या शेतातल्या जांभळ्या बटाट्यांबद्दल सांगत होती. मोरोक्कोच्या रिफ डोंगरातला एक सहकारी म्हणाला, "आमच्याकडच्या जुन्या गांजाला आम्ही बेल्दिया म्हणतो. बेल्दिया म्हणजे आपल्या मातीतला, गावचा." मी उत्साहाने सांगितलं, की आमच्या भाषेत त्याला 'गावरान' म्हणतात. त्यावर तो सहज म्हणाला, "मग तुमच्याकडचा गावरान गांजा कसा होता?"

मला उत्तर देता आलं नाही. मी नगरची. गावरान बोरं, गावरान कोंबडी, मालदांडी ज्वारी यांवर मी तासभर बोलू शकते. पण मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने गांजाचं पीक घेतलं जायचं, त्यात माझा जिल्हा ठळकपणे होता हे मला ठाऊकच नव्हतं. ते कळलं वाखनिंगनमध्ये, रात्री जुने इंग्रजी अहवाल वाचताना. तेव्हापासून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

गावरान म्हणजे नेमकं काय

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. इंग्रजीत ज्याला लँडरेस म्हणतात ते आपलं गावरान किंवा देशी वाण. कुणा पैदासकाराने नाव देऊन बाजारात आणलेली ही जात नसते. एका भागातले शेतकरी पिढ्यानपिढ्या आपल्याच पिकातून बी राखून पेरत राहिले, त्यातून तयार झालेली ती झाडांची बिरादरी असते. त्यात काही झाडं उंच, काही बुटकी, काही आठवडाभर आधी फुलणारी. बाजाराला हा सरमिसळपणा नको असतो, पण पैदासकाराला नेमका तोच हवा असतो. उद्या नवा रोग आला, पाऊस लांबला, तर त्याला तोंड देणारा गुण अशाच एखाद्या दुर्लक्षित झाडात निघतो. बटाट्यावरच्या करप्याला दाद न देणारी जनुकं आम्हाला मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या बटाट्याच्या भाईबंदांतच सापडली.

भांगेच्या झाडाच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवा. एक, यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. दोन, परागण वाऱ्याने होतं. पराग दूरवर उडत जातो, त्यामुळे शेजारच्या खोऱ्यात परकं बी पेरलं तरी आपलं वाण बिघडू शकतं. गांजाचं गावरान वाण टिकवायचं तर फक्त बी राखून भागत नाही, आसपासची शिवारंही राखावी लागतात.

गोव्यातला वैद्य आणि दोराची गोष्ट

आपल्या भागातल्या झाडाचं पहिलं नीट वर्णन गोव्यात छापलं गेलं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला. मुंबई बेटाचा खंडही काही काळ त्याच्याकडे होता. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या संवादांत 'बांग' वर एक प्रकरण आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा आपल्याला रात्री पोर्तुगाल किंवा तुर्कस्तान हिंडून यायचं असलं की थोडी भांग घेतो असं म्हणायचा, ही गंमत त्यातलीच.

मला महत्त्वाची वाटली ती वेगळीच ओळ. ओर्ता म्हणतो की हे झाड आमच्याकडच्या हेम्पसारखं दिसतं खरं, पण ते नव्हे. याचं बी बारीक असतं आणि तितकं पांढरं नसतं. शिवाय खोड आतून लाकडासारखं आणि वरची साल अगदी थोडी, म्हणजे युरोपातल्या हेम्पच्या बरोबर उलट.

हे वाचून मी थांबले. कारण ओर्ता इथे नकळत सांगत होता, की एकाच झाडाची दोन ठिकाणी दोन वेगळ्या कामांसाठी निवड झाली आहे.

युरोपला या झाडाची साल हवी होती. सालीतल्या लांब धाग्यांपासून दोर आणि शिडाचं कापड होई. डच आरमार आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं या दोरांवर चालत. इथून तासाभराच्या अंतरावरचं औडवाटर हे गाव दोर वळणाऱ्यांचं गाव म्हणून शेकडो वर्षं प्रसिद्ध होतं, आजही तिथे दोरांचं संग्रहालय आहे. तिथल्या शेतकऱ्याने बी राखलं ते उंच, सरळ, जाड सालीच्या झाडाचं.

आपल्याकडे दोराची गरज दुसऱ्या झाडांनी भागवली. अंबाडी होती, ताग होता, कोकणात काथ्या होता. इंग्रज अंबाडीला 'डेक्कन हेम्प' म्हणत आणि तागाला 'सन हेम्प'. या दोन्ही झाडांचं भांगेशी काही नातं नाही, नाव फक्त कामावरून पडलं. आजही इंग्रजी-मराठी शब्दकोशात हेम्प शोधलात तर ताग किंवा अंबाडी सापडेल, कारण सालीसाठी पिकवलेल्या भांगेला मराठीत शब्दच नाही. भांगेकडून दोर कुणी मागितलाच नाही. मागितली ती तिच्या फुलोऱ्यातली राळ. शेकडो वर्षं ज्या गुणासाठी बी राखलं, तो गुण वाढत गेला आणि साल पातळ होत गेली.

हे ज्ञान डचांकडे लवकर पोचलं. यान हाउखन व्हान लिन्सखोटन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षं गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. १५९६ साली आम्स्टरडॅममध्ये निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात भांग आहे, बरीचशी ओर्ताच्याच आधाराने. पुढे कोचीनचा डच सेनापती हेंड्रिक व्हान रेडं याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो आम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात मलबारचे इट्टी अच्युतन वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. १६७५ सालचं त्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं निवेदन ग्रंथात छापलेलं आहे. दहाव्या खंडात 'कंजाव' म्हणून दोन चित्रं येतात. दोन नावं, दोन पानं, प्रत्यक्षात एकाच झाडाची नर आणि मादी रूपं.

शेवटी १७८५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून या झाडाला वेगळं शास्त्रीय नाव दिलं: कॅनाबिस इंडिका. त्याने दिलेली कारणं वाचा. खोड टणक, साल पातळ, धाग्यासाठी निरुपयोगी, आणि वास डोक्यात जाणारा. ओर्ताने २२२ वर्षांपूर्वी गोव्यात नोंदवलेलाच फरक पॅरिसमध्ये नाव होऊन बसला. 'इंडिका' हे नाव आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी केलेल्या निवडीचं नाव आहे. हे लक्षात ठेवा, पुढे याला एक विचित्र कलाटणी मिळणार आहे.

खळ्यात गळलेलं बी

आता नगरकडे येऊ. जिल्ह्याचं नाव आज अहिल्यानगर आहे, जुन्या कागदांत ते अहमदनगर.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला, की हिंदुस्थानातला गांजा लोकांना वेडं करतो का आणि त्यावर बंदी घालावी का. त्यासाठी सात जणांचा आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, तीन सभासद हिंदी, त्यात मराठी कुणी नाही. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा, की बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, परवाने आणि कर यांनी नियंत्रण ठेवा.

या अहवालात त्या काळच्या लागवडीचा नकाशाच सापडतो. बंगालात नौगाव (आता ते बांगलादेशात आहे), मध्य प्रांतात खांडवा, मद्रासकडे कृष्णा जिल्हा आणि जवादी डोंगर, आणि मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर, शिवाय सातारा आणि खानदेश. आयोगाचं हे 'हेम्प ड्रग्ज' म्हणजे रानोमाळ उगवणारं तण नव्हतं. खत घालून, निंदणी करून, नीट जोपासलेलं बागायती थाटाचं पीक होतं.

या पिकातलं सगळ्यात कसबाचं काम म्हणजे नर झाडं ओळखून उपटणं. नर राहिला की पराग उडतो, मादीला बी धरतं आणि राळ कमी होते. झाड फुलण्याआधी, पानांच्या बेचक्यातल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या पाहून हे ठरवायचं. बंगालात यासाठी 'पोद्दार' नावाचा जाणकार मजुरी देऊन बोलावत. पोद्दार म्हणजे मुळात नाणं खरं की खोटं हे पारखणारा.

इथे एका पैदासकाराला पडणारा प्रश्न मला पडला. सगळे नर उपटले तर पुढच्या वर्षीचं बी येणार कुठून?

उत्तर मजेशीर आहे. सगळे नर कधीच उपटले जात नाहीत. एखादा नजरेतून सुटतो. काही मादी झाडांवरही थोडी नर फुलं येतात. त्यातून तुरळक बी धरतं. कापणीनंतर गांजा पसरून पायांनी तुडवत आणि चपटा करत. नौगावला तो गोलही वळत, बाकी बहुतेक ठिकाणी चपटाच. या तुडवणीत बी गळून पडे, आणि तेच पुढच्या हंगामासाठी राखलं जाई.

म्हणजे बी आलं ते सर्वांत चांगल्या जोपासलेल्या पिकातून, आणि पारखीच्या नजरेतून सुटलेल्या मोजक्या परागातून. दर वर्षी हीच चाळणी. विद्यापीठात ज्याला आम्ही निवड पद्धत म्हणून शिकवतो, ती खळ्यावर आपोआप घडत होती. त्या वाणाचा इतिहास जितका बियांत होता, तितकाच नर ओळखणाऱ्या त्या नजरेतही होता.

आयोगाने हे सगळं नोंदवलं, पण कशासाठी? वेड, गुन्हे आणि महसूल यांचा हिशोब लावण्यासाठी. बंगालच्या झाडाचं निदान डेव्हिड प्रेन या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८९३ साली बारकाईने वर्णन केलं होतं. नगरच्या झाडाची उंची, फुलोऱ्याचे दिवस, बियांचं वजन अशी नोंद मी खूप शोधली. मिळालं ते परवाने आणि कर यांच्याबद्दल.

एक वाण शेतकी खात्यात, एक अबकारीत

याच पठारावरच्या दुसऱ्या गावरान वाणाशी तुलना करून पाहा. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोहोळच्या संशोधन केंद्रात शेतकऱ्यांच्या मालदांडीतून निवड करून एम ३५-१ हे वाण काढलं गेलं. इतकी वर्षं झाली तरी रब्बी ज्वारीचं नाव काढलं की पहिल्यांदा तेच आठवतं. मालदांडीला शेतकी खातं मिळालं. तिचं बी जपलं गेलं, मोजलं गेलं, तिला क्रमांक मिळाला.

गांजा मात्र अबकारी खात्याकडे होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून त्याची लागवड, साठवण, विक्री ही सगळी परवान्याची बाब होती. अबकारी अधिकारी झाड मोजतो ते कर बसवण्यासाठी. बियाण्याचा नमुना जपून ठेवणं हे त्याचं काम नव्हे, आणि ज्याचं ते काम होतं त्या खात्याचा या पिकाशी संबंध नव्हता.

पुढचं तुम्हाला साधारण ठाऊक असेल. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा गांजालाही लागू झाला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने भांगेची पानं वगळून घेतली आणि गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळवली. मुदत संपत आली तेव्हा १९८५ चा अमली पदार्थ कायदा आला.

या कायद्यात एक बारीक गोष्ट आहे. गांजाच्या व्याख्येतून बी वगळलेलं आहे, पण परवान्याशिवाय झाड लावणं हा गुन्हा आहे. म्हणजे बी डब्यात ठेवलंत तर चालेल, पेरलंत तर तुरुंग. आता गावरान बियाणं डब्यात किती टिकतं? साध्या घरगुती साठवणीत हे बी काही वर्षांत उगवणं सोडतं. वाण टिकवायचा एकच मार्ग, दर दोन-चार वर्षांनी पेरणं, आणि नेमका तोच बंद झाला. कुणी शेतं जाळली नसती तरी हे वाण संपलंच असतं.

इकडे नायमेगन आणि वाखनिंगन

गंमत म्हणजे डच कायद्यातही बी वगळलेलं आहे. इथे त्याचा परिणाम बरोबर उलटा झाला. १९७६ साली डचांनी गांजाला जहाल अमली पदार्थांपासून वेगळं काढलं, आणि ऐंशीच्या दशकात या छोट्या देशात बियाण्यांच्या कंपन्या उगवल्या. वाखनिंगनहून जवळच असलेल्या नायमेगनमध्ये नेव्हिल स्कूनमाकर्सने 'द सीड बँक' चालवली. बेन ड्रॉन्कर्सच्या 'सेन्सी सीड्स' ने ती १९९१ साली घेतली. हाच माणूस पुढे ग्रोनिंगन प्रांतात धाग्यासाठी हेम्प पिकवणारी 'हेम्पफ्लॅक्स' कंपनीही काढतो.

या लोकांचा कच्चा माल म्हणजे प्रवाशांनी साठ-सत्तरच्या दशकांत खिशातून आणलेलं गावरान बी: अफगाणिस्तान, मेक्सिको, कोलंबिया, थायलंड आणि आपलं केरळ. अफगाण झाड बुटकं आणि लवकर येणारं, उत्तरेच्या थोड्या उन्हाळ्यात किंवा दिव्यांखाली बसणारं. उष्ण कटिबंधातली झाडं उंच आणि फार उशिरा फुलणारी. त्यांचे संकर करून बाजारातली बहुतेक आधुनिक वाणं झाली. नव्वदच्या दशकात गाजलेल्या 'व्हाइट विडो' चा एक पूर्वज दक्षिण भारतातला, असं ते विकणारेच अभिमानाने सांगतात. तिथल्या कुठल्या खोऱ्यातला, कुणाच्या शेतातला, हे कुठेच लिहिलेलं नाही.

त्याच सुमारास खुद्द वाखनिंगनमध्ये सरकारी पैशाने काम सुरू झालं, पण हेतू वेगळा होता. डच शेतकऱ्यांना कागदासाठी हेम्प पिकवता येईल का, हे पाहायचं होतं. इथल्या पैदास संस्थेत एत्येन द माइयर या संशोधकाने जगभरातून भांगेचे नमुने जमवले, गावरान वाणंही आणि सुधारित वाणंही. १९८८ ते १९९० या वर्षांत त्यातल्या ९७ नमुन्यांची रासायनिक तपासणी झाली. निष्कर्ष रंजक होता: झाडाचं बाहेरचं रूप पाहून त्यात नशा किती हे खात्रीने सांगता येत नाही. भरपूर साल आणि भरपूर राळ एकाच झाडात येऊ शकतात. ओर्ताने पाहिलेला फरक खरा होता, पण तो झाडाच्या स्वभावातला नव्हता. तो माणसांच्या निवडीतून आलेला होता. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना कोणते नमुने दाद देत नाहीत हेही याच संग्रहातून तपासलं गेलं. गावरान संग्रहाचा उपयोग असा असतो. जमवता एका प्रश्नासाठी, उत्तरं मिळतात भलत्याच प्रश्नांना.

१९९४ साली द माइयरचा प्रबंध झाला. मग तो आम्स्टरडॅमच्या हॉर्टाफार्ममध्ये गेला. या कंपनीच्या संग्रहाचे हक्क १९९८ साली ब्रिटनच्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्सने घेतले. २००३ साली द माइयर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की झाडात टीएचसी बनेल की सीबीडी हे मुख्यतः एकाच जनुकस्थानावर ठरतं. शुद्ध टीएचसीवालं आणि शुद्ध सीबीडीवालं झाड यांचा संकर केला की पहिल्या पिढीत दोन्ही मिळतात, आणि दुसऱ्या पिढीत १:२:१, मेंडेलच्या हिशोबाने. यामुळे नशा न आणणारं, औषधी सीबीडीने भरलेलं झाड मुद्दाम घडवता आलं. मुलांमधल्या दुर्धर अपस्मारावरचं 'एपिडायोलेक्स' हे औषध अशा झाडांतून येतं. २०१८ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२१ साली ही कंपनी ७.२ अब्ज डॉलरला विकली गेली.

मी हे हेव्याने सांगत नाहीये. इथल्या लोकांनी खरं काम केलं, आणि आजारी मुलांना त्याचा उपयोग झाला. पण ज्यांच्या शेतातून अशा संग्रहांची सुरुवात झाली, त्यांचं नाव कुठेच नाही.

आता ती विचित्र कलाटणी. इथल्या कॉफीशॉपच्या फळ्यावर 'इंडिका' आणि 'सटायवा' असे दोन रकाने असतात. इंडिका म्हणजे बुटकं, रुंद पानांचं. तो प्रकार प्रत्यक्षात अफगाण आहे. लामार्कने ज्याला इंडिका म्हटलं ते आपल्याकडचं उंच, अरुंद पानांचं झाड आज 'सटायवा' च्या रकान्यात जातं. वाखनिंगनच्या संशोधकांचाही सहभाग असलेल्या २०२१ च्या एका अभ्यासाने दाखवलं, की ही लेबलं आणि झाडांचं एकूण जनुकीय नातं यांचा फारसा मेळ नाही. फरक दिसला तो काही वासाच्या जनुकांपुरता. आमचं झाड तर गेलंच, त्याचं नावही दुसऱ्याला चिकटलं.

आता काय उरलं आहे

मॅकपार्टलंड आणि स्मॉल या दोन शास्त्रज्ञांनी २०२० साली दक्षिण आशियाचं आणि मध्य आशियाचं गावरान झाड यांना पुन्हा वेगळी शास्त्रीय नावं दिली आणि दोन्ही धोक्यात असल्याचा इशारा दिला. कारण संकरित बी आता उलट प्रवास करून मूळ गावी पोचतं आहे, आणि वाऱ्यावरच्या परागाला कुंपण नसतं. माझ्या मोरोक्कन सहकाऱ्याच्या डोंगरात बेल्दियाची जागा जास्त उत्पन्न देणाऱ्या, जास्त पाणी पिणाऱ्या संकरित वाणांनी घेतली. पण तिथे २०२१ साली कायदा बदलला, आणि २०२४ पासून बेल्दिया पिकवायलाही परवाने मिळू लागले.

आपल्याकडे उत्तराखंडने २०१८ साली हेम्पचे परवाने दिले, पण अट अशी, की टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत हवं. हा आकडा मुळात १९७६ साली स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी कॅनडात वाढवलेल्या झाडांवरून वर्गीकरणाच्या सोयीसाठी काढलेला. पहाडातल्या स्थानिक झाडांत बहुधा त्याहून जास्त टीएचसी असतं. म्हणजे परवाना हवा तर परकं बी पेरा. गावरान झाडाला कायदेशीर शेतातही जागा नाही.

माझ्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात, भाज्या यांची गावरान बियाणी घरात जपली. त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या विभागात मी सगळ्यांना ती बातमी दाखवत हिंडले होते. आज मला वाटतं, की त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या बाईने तिच्या सासऱ्याचं गांजाचं बी असंच राखलं असतं, तर तिच्या दारात पोलिसांची गाडी आली असती.

माझा मुद्दा गांजा खुला करा असा नाही. त्यावर तुमचं माझं मत वेगळं असू शकतं. पण जनुकपेढीत उणे वीस अंशांवर ठेवलेलं बी कुणाला नशा आणत नाही. आपल्या कायद्यातही वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी परवान्याची तरतूद आहे, आणि राष्ट्रीय जनुकपेढीचं एक केंद्र महाराष्ट्रात अकोल्याला आहे. सातपुड्यात, निमाडच्या बाजूला, जुन्या शेतांच्या बांधांवर जी झाडं आपोआप उगवतात, ती पोलिसांनी उपटण्याआधी कुणी तरी त्यांचा नमुना घ्यायला हवा. जैवविविधतेचे आजचे करार मूळच्या भागाला लाभात वाटा देऊ म्हणतात. पण आधी हे वाण आमचं होतं हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी नमुना लागतो. अबकारीच्या नोंदवहीतला एकरांचा आकडा तिथे चालत नाही.

चुलतभावाचा परवा पुन्हा फोन आला होता. या वेळी मीच त्याला प्रश्न विचारला: आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कुणाला हे पीक आठवतं का? त्याने चौकशी करतो म्हटलं आहे.

तुम्हालाही तीच विनंती. तुमचं मूळ नगर, सातारा, खानदेश किंवा खांडव्याकडचं असेल आणि घरात कुणी नव्वदीचं असेल, तर विचारून पाहा. उपटलेल्या नर झाडाला काय म्हणत? बी कशात ठेवत, मडक्यात की राखेत? निवड करायला कोण येई, बाप्ये की बाया? जे कळेल ते लिहून ठेवा आणि मला कळवा. बी सापडेलच असं नाही. पण माझ्या मोरोक्कन मित्राकडे निदान एक शब्द आहे. आपल्याकडेही तो असणार, कुणाच्या तरी तोंडात अजून शिल्लक असेल.